उलट्या बाजूचं ऊन

सकाळी चहा झाल्यावर अण्णांनी माझ्या पुढ्यात तांब्याचा एक बिल्ला ठेवला. शर्टाच्या बटणापेक्षा जरा मोठा, वरच्या बाजूला दोरी ओवायला भोक. कडेनं त्यांनी बारीक वेल कोरली होती, मधली जागा कोरी. "सूनबाई," म्हणाले, "यात माझं नाव, पत्ता आणि तुझा फोन नंबर घाल. अक्षर ठसठशीत काढ. गळ्यात घालीन म्हणतो. उद्या कुठे भरकटलो तर कुणीतरी आणून तर सोडेल." आणि हसले. उसनी आणलेली छत्री परत करताना माणूस हसतो ना, तेवढंच. मी काय म्हणावं? मी "बरं" म्हटलं. बरं! जीभ झडली होती का माझी? तो बिल्ला तळहातावर घेतला, खिडकीपाशी नेला, जणू काही गिऱ्हाइकाचं काम आलंय. वेल एका ठिकाणी थरथरली होती, ते नेमकं दिसलं. तेवढं दिसायला डोळे आहेत मेले. अण्णा आत जाऊन पेपर वाचायला लागले आणि मी बिल्ला टेबलावर पालथा घातला. कारण अण्णांचं डोकं ठणठणीत आहे. ते कुठेही भरकटणार नाहीत. हे या घरात फक्त मला माहीत आहे. खुद्द अण्णांना नाही.

अण्णा म्हणजे माझे सासरे. धातूवर हातानं नक्षी कोरतात. डब्यांची झाकणं, घड्याळांच्या पाठी, फोटोच्या चौकटी, जे येईल ते. रस्त्याकडची पुढची खोली हाच आमचा कारखाना. लग्न होऊन आले तेव्हा कोरणी कशाशी खातात हे मला ठाऊक नव्हतं. नवऱ्याला लहानपणापासून या कामाचा कंटाळा, तो ऑफिसात रमला. एकदा मी अण्णांना जेवायला बोलवायला म्हणून गेले आणि तिथेच उभी राहिले. आत ताटं गार झाली, सासूबाई होत्या तेव्हा, त्यांनी दोन हाका मारल्या, तिसरीला येऊन बघितलं आणि कपाळाला हात लावला. "झालं! आता दोघांना हाका मारायच्या!" वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर झाकण ठेवलेलं, डावा हात ते हळूहळू फिरवतोय, उजवा हात जागचा हलत नाही, नुसता रेटतोय, आणि कोरणीच्या टोकातून चांदीची बारीक कुरळी काढ, म्हणजे कोरून निघालेली तार, वर येतेय. "हात हलवायचा नाही, काम फिरवायचं," हे त्यांचं पहिलं वाक्य. मी अर्थातच हात हलवायचे. उजव्या हातानं वळण घ्यायला गेलं की वेलीला कोपर येतं. तांब्याच्या पट्ट्यांवर नुसत्या गिरक्या, किती पट्ट्या वाया घालवल्या देव जाणे. पान नाही, फूल नाही, फक्त वेलीचा कणा, बाहेरून आत घट्ट होत जाणारा. अण्णा डोळे मिटायचे आणि अंगठ्याचं नख त्या खाचेतून फिरवायचे. नख अडखळलं की थांबायचे. "इथे तू श्वास घेतलास." परत. "इथे तुला स्वयंपाकाची आठवण झाली." परत. राग यायचा मला, पण खरंच झालेली असायची.

कणा जमल्यावर पानं, आणि पानं जमल्यावर छाया. छाया म्हणजे एकमेकींना न चिकटणाऱ्या बारीक रेघा. देठाशी खोल, टोकाशी हलकी, रेघ संपली कुठे ते कळता कामा नये. कळलं तर ती रेघ नव्हे, ओरखडा. आणि या सगळ्यावर एकच कायदा: खिडकी कुठेही असो, दिवा कुठेही असो, वेलीवर ऊन डावीकडून, वरून पडतं. म्हणजे छाया प्रत्येक पानाच्या उजव्या कुशीत. ऐकायला सोपं. पण काम सारखं गरगर फिरत असतं, झाकणाचं डोकं तुमच्या पोटाकडे आलेलं असतं, आणि घाईत तुम्ही खिडकीच्या उजेडाला भुलून भलत्याच कुशीत छाया भरून मोकळे होता. नवशिक्याची चूक. अण्णांचं लक्ष नसलं की माझी अजूनही होते. "तुझ्या माहेरी सूर्य उलटीकडून उगवतो का गं?" अण्णा विचारायचे. मी म्हणायचे, "हो, आणि सासरी उगवतच नाही." मग हसायचो दोघं.

त्यांचा हात कधी थरथरायला लागला ते नक्की सांगता येणार नाही. आधी चहाच्या कपाशी. बशीवर कप वाजायचा, आणि नवरा मान खाली घालून खात राहायचा. अण्णाच म्हणाले, "कपाला थरथरतो रे, कोरणीला नाही थरथरत." आणि ते बऱ्याच अंशी खरं होतं. कोरणी मुठीत बसली की हात शहाण्यासारखा वागायचा. फक्त रेघ संपता संपता, उचलायच्या क्षणी, कोरणी सुटायची आणि चांदीवरून घसरत जायची. अण्णा "च्च, सुटली वाटतं" म्हणायचे, भिंग डोळ्याला लावून बघायचे. डोळेही आता पहिले राहिले नाहीत. मग झाकण बाजूला ठेवून दुपारचे आडवे व्हायला जायचे. "उठल्यावर बघतो." एके दुपारी त्यांचं झाकण मी उचललं. वेलीच्या बाहेर कोऱ्या जागेत लांबलचक ओरखडा. ओपणीच्या गुळगुळीत दांड्यानं घासून जाईल असा नव्हता, खोल होता. धातूचं असंच, काढलेलं परत भरता येत नाही. पण चुकलेल्या रेघेचं पान करायचं, हेही अण्णांनीच शिकवलेलं. "सुटली तर रडायचं नाही. त्या बाजूला वेलीला पान फुटायचंच होतं म्हणायचं." मी उशी पुढे ओढली आणि ओरखड्याचं पान केलं. छाया भरली. देठ वेलीत मिसळून दिला. त्यांच्या खोलीतून घोरणं ऐकू येत होतं तोवर झालंसुद्धा.

मला वाटलं होतं, एकदाच. म्हाताऱ्या माणसाचं मन राखलं, बस. पण खरं सांगू? मन बिन राखणं हे निम्मंच. ते पान काढताना मला जी मजा आली ती माझ्या तांब्याच्या पट्ट्यांवर कधी आली नव्हती. चांदी, खरं काम, आणि चुकलं तर नाव अण्णांचं. दुसऱ्या सुटलेल्या रेघेची मी वाट पाहिली. हो, पाहिली! दुपारी त्यांनी "च्च" केलं की माझे हात शिवशिवायचे. मग एकाची चार पानं, चारानंतर गणती कोण ठेवतो. आम्हाला कामं आणून देणारा दुकानदार एकदा झाकण उजेडात धरून म्हणाला, "अण्णा, या वयात तुमच्या वेलीला पालवी फुटायला लागली की हो!" अण्णा लाजले. मी आत पळाले, आणि स्वयंपाकघरात उभी राहून एकटीच हसले. स्वतःवर खूश होऊन. आज ते हसू आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

कारण त्यानंतर काही दिवसांनी अण्णा भिंगातून एक चौकट बघत बसले होते. बराच वेळ. मग म्हणाले, "हे पान मी काढलं का गं?" साधा प्रश्न. त्याच क्षणी म्हणता आलं असतं, नाही अण्णा, मी काढलं, तुमची कोरणी सुटली होती. दोघांना जरा वाईट वाटलं असतं आणि संध्याकाळपर्यंत विसरलो असतो. मी म्हणाले, "तुम्हीच की! मी कशाला काढेन?" किती सहज. भाजीत मीठ घातलं का विचारल्यावर सांगावं तसं. ते "हां, हां" म्हणाले, आणि चौकट खाली ठेवली. पण त्या दिवसापासून ते झोपून उठले की काम उचलून बघायचे आणि माझ्याकडे न बघता विचारायचे, "हेही मीच का?" आणि मी, "तुम्हीच." मग विचारायचं बंद केलं. नुसतं बघायचे. मला मूर्खाला वाटलं, सुटले. मग एकदा ते गॅस बंद आहे का बघायला उठले. परत उठले. दाराला कुलूप लावून गेलेला माणूस अर्ध्या वाटेवरून परत यायला लागला. शेजारच्या न्हाव्याकडे एकटं जाणं सोडलं. नवऱ्याला म्हणाले, "माझ्या हातून गोष्टी होतात आणि मला त्या आठवत नाहीत रे." नवरा त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी चार शब्द लक्षात ठेवायला सांगितले. अण्णांना आधीच घाम फुटलेला, त्यातला एक निसटला. घरी येताना रिक्षात रडले म्हणे. नवरा मला सांगताना स्वतःच रडला, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून, आणि मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. कुठल्या तोंडानं? विचार तर रोज करायचे, आज सांगते, आज सांगते. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तुमचं डोकं नाही गेलं अण्णा, तुमचा हात गेलाय. आयुष्यभर ज्या हातावर जगले त्याबद्दल हे कोणी सांगायचं, मी? त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या पोरीनं? त्यापेक्षा, वाटायचं, जाऊ दे, डॉक्टर काय ते गोळ्या देतील. दोन वाईटांत कमी वाईट कुठलं हे मी त्यांच्या वतीनं परस्पर ठरवून टाकलं होतं.

गेल्या आठवड्यात अण्णांनीच विषय काढला. म्हातारी माणसं ठेवतात त्या गावाबाहेरच्या संस्थेत आपल्याला ठेवावं. "घर पेटवून बसेन एक दिवस. तुम्ही दिवसभर माझ्यामागे थोडेच फिरणार?" नवरा भांडला, चिडला, शेवटी तयार झाला. आज जेवण झाल्यावर तो खोली बघायला गेलाय. चपला घालताना म्हणाला, "नीट असली तर होकार देऊन येतो. त्यांचं मन बदलायच्या आत नाही गं, माझं बदलायच्या आत." दार ओढून घेतलं. आणि मी काय केलं? तांब्याची कोरी पट्टी घेतली, उशीवर ठेवली आणि गिरक्या काढत बसले. सराव! घराला आग लागली आणि बाई रांगोळी घालत बसली. पण हाताला काही केल्याशिवाय मला विचारच करता येत नव्हता, आणि हाताला काही दिल्यावर विचार करावा लागत नव्हता. एक कणा काढला, वाकडा. दुसरा काढला, त्याला कोपर. आता तो बसस्टॉपवर पोचला असेल. तिसरा बरा आला, म्हणून त्याला पानं काढली. आता बसमध्ये असेल. पानांत छाया भरायला घेतली. डाव्या हातानं पट्टी फिरवते आहे, उजव्यानं रेटते आहे, तांब्याची काढ बोटावर पडते आहे, आणि मनात नुसतं एकच, सांग, सांग, सांग.

"थांबलीस," अण्णा त्यांच्या टेबलावरून म्हणाले. ते आज झोपायला गेले नव्हते. काही करतही नव्हते, रिकाम्या उशीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. कोरणीच्या आवाजावरून त्यांना रेघ तुटलेली कळते. "आण इकडे." मी पट्टी नेऊन दिली. त्यांनी डोळे मिटले, नख फिरवलं. नख तर जागोजाग अडखळत होतं. "अगं, काय हे? वेल आहे का खड्ड्यांचा रस्ता? लक्ष कुठाय तुझं?" मग भिंग घेतलं आणि पानं बघितली. बघता बघता थांबले. भिंग जवळ नेलं, लांब नेलं. "छाया उलटी भरलीस."

"घाई झाली," मी म्हणाले.

"सगळ्या पानांना?" ते पट्टी खाली ठेवेनात. "मला वाटलं, हे असं फक्त मलाच व्हायला लागलंय."

मला कळलं नाही. म्हणजे कळलं, पण पायाखालून काहीतरी सरकल्यावर कळतं तसं, उशिरा. अण्णा हळूहळू बोलत होते. "पान काढलं आणि विसरलो, याचं मला एवढं नव्हतं गं. वय झालं, विसरतो माणूस. सुटलेल्या रेघेचं पान करायचं ही तर हाताची सवय, झोपेतसुद्धा करीन. पण त्या पानांची छाया बघितली मी. उलट्या कुशीत. चौकटीवर तेच, झाकणावर तेच. म्हटलं, अरे, पोरवयात हातात कोरणी घेतली तेव्हापासून ऊन कुठून येतं हे मी एकदाही चुकलो नाही. जेवायचं विसरेन, स्वतःचं नाव विसरेन, पण हे? ते ज्याच्या डोक्यातून गेलं त्याच्या डोक्यात राहिलं काय मग? त्या रात्री मी झोपलो नाही."

म्हणजे माझी पानं नव्हे, माझी चूक. माझं गचाळ काम त्यांनी स्वतःच्या डोक्याचा पुरावा म्हणून महिनोन्महिने जवळ बाळगलं होतं. मी काय बोलले, कसं बोलले, मला नीट सांगता येणार नाही. रडत नव्हते, ते एक बरं. "अण्णा, ती पानं माझी आहेत," म्हणाले. "तुम्ही झोपल्यावर मी काढायचे. तुमची कोरणी सुटते, शेवटी शेवटी, किती खोल ते तुम्हाला दिसत नाही. मी भरून घ्यायचे. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले. तुमचं डोकं ठीक आहे अण्णा. पहिल्यापासून ठीक आहे."

अण्णा उठले, फळीवरून एक अर्धवट राहिलेलं झाकण काढलं आणि माझ्यासमोर धरलं. नखानं एका पानावर टिचकी मारली. "हे?"

"माझं."

"हे?"

"माझंच."

"हे?" आवाज चढत चालला होता. "आणि हे? हेही?" एखाद्या पोराला मार बसावा तसं माझं अंग चोरलं जात होतं, पण वर बघितलं तर चेहरा रागाचा नव्हता. गालाखाली काहीतरी हलत होतं. "आणि हे वरचं?"

मी भिंगातून पाहिलं. "ते तुमचं. त्याची छाया बरोबर आहे."

"बरोबर आहे!" टेबलावर मूठ आपटली त्यांनी. "माझ्या पानाची छाया बरोबर आहे! वेडा नाही झालो मी! गाढवे, वेडा नाही झालो!" आणि हसायला लागले, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, टेबलावरच्या फडक्यानं पुसताहेत, फडक्यातली काढ मिशीला लागतेय, त्याचं भान नाही. "भवाने, मला चांगलं वेड्यात काढलंस की! तुझ्या माहेरच्या सूर्याला आग लाव!" मीही हसले. हसू आलं म्हणून नाही, ते हसत होते म्हणून. आधी नवऱ्याला फोन लावला. "होकार देऊ नकोस," म्हणाले. तो विचारत राहिला, अगं पण का, झालं काय, आणि मी म्हणाले, "घरी ये, सांगते. सगळं सांगते. माझंच चुकलंय." तिकडे बसचा आवाज, तो "काय? काय चुकलंय?" ओरडतोय. तेही अजून व्हायचंय. त्याच्या तोंडाकडे बघून तेच परत सांगायचंय.

फोन ठेवून वळले तेव्हा अण्णांचं हसू ओसरलं होतं. ते स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते. हात पुढे धरला होता, कोरणीशिवाय, बोटं पसरून. बोटं थरथरत होती आणि ते ती थांबतात का बघत होते. थांबली नाहीत. "म्हणजे हा," म्हणाले. मी मान हलवली. "कधीपासून?" मी सांगितलं. "दर वेळी?" मी म्हटलं, दर वेळी नाही. मग खरं सांगितलं, हल्ली दर वेळी. त्यांनी तो हात डाव्या हातानं धरला, जरा चोळला. "मला विचारायचंस की गं," म्हणाले. रागानं नाही. "हात की डोकं, मला विचारलं असतंस तर मी क्षणात सांगितलं असतं." मला वाटलं होतं हात हेच त्यांचं सर्वस्व, आणि हे मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

मग त्यांनी चपला घातल्या. "कुठे निघालात?" माझ्या तोंडून सवयीनं गेलंच. "न्हाव्याकडे. एकटा," म्हणाले, आणि निघाले. गॅस बघितला नाही, वळून दार बघितलं नाही. मी खिडकीशी उभी राहिले. न्हावी दुकानाच्या पायरीवर उभाच होता. अण्णांनी रस्त्यातूनच हात वर करून त्याला दाखवला. "बघ रे, हात गेला माझा!" न्हावी घाबरून खाली उतरला. "काय झालं अण्णा?" "अरे हात! डोकं नाही, हात! नुसता हात गेलाय!" समोरचा शिंपी मशीन थांबवून बाहेर आला, त्यालाही दाखवला. जो मला इतके दिवस झाकून ठेवायचा होता तो हात भर रस्त्यात वर धरलेला, बोटं पानासारखी हलताहेत, आणि अण्णा नातवाच्या जन्माची बातमी सांगावी तसे सांगताहेत. न्हाव्याला काय बोलावं कळेना, म्हणून तोही हसत होता. मी खिडकीतून बाजूला झाले. बघवेना मला. इतकी स्वस्त होती ती गोष्ट त्यांना, आणि मी तिची केवढी किंमत त्यांच्याकडून वसूल केली होती.

उन्हं कलल्यावर परत आले. दाढी केलेली, गालावर पावडर. नवरा अजून आला नव्हता. मी माझ्या टेबलाशी पट्टी घेऊन बसले होते. बसले होते एवढंच. अण्णा आत आले, आपल्या टेबलाकडे बघितलं, कोरण्या एकेक करून फडक्यात पुसल्या आणि गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवल्या. नंतर त्यांनी दाराजवळची गिऱ्हाइकाची खुर्ची ओढून घेतली आणि तिच्यावर बसले. या खोलीत त्यांना त्या खुर्चीवर बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"चालू दे तुझं," म्हणाले.